काळ्या वावराचा टायर

निगडी नाक्यावर, मुंबईच्या रस्त्याला लागून, एका कडुनिंबाखाली ज्योतीरामचं सायकलचं दुकान होतं, मागे लागूनच घर. दुकान म्हणजे चार लाकडी खांब, वर पत्रा आणि पत्र्याखाली आडव्या बांबूला टांगलेले जुने टायर. वारा आला की ते टायर हळूहळू फिरायचे. शेतकरी गोठ्यातल्या जनावरांकडे बघतो तसा ज्योतीराम त्यांच्याकडे बघायचा. कुठला कुणाचा, किती चालला, कुठल्या मातीत झिजला, हे त्याला न विचारता ठाऊक असायचं.

पासष्ट-सहासष्ट सालानंतर या पट्ट्यात कारखान्यांचे भोंगे वाढले, तशा सायकलीही वाढल्या. तळवडे, चिखली, मोशीची माणसं पहाटेच घर सोडायची. डांबरी रस्ता लांबचा वळसा घालून जायचा, म्हणून ती सरळ शिवारातून यायची. बैलगाडीच्या चाकोरीतून, बांधावरून, आणि ओढा आला की सायकल खांद्यावर टाकून पलीकडे. गेटवर पोचेपर्यंत पोटऱ्या चिखलाने माखलेल्या असायच्या. आज कोण आधी पोचलं यावर तिथंच वाद पेटायचा. त्या वादातूनच एका कंपनीच्या कामगारांनी शर्यत काढली. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, तिच्यानंतरच्या रविवारी ती असायची. डांबर, मुरूम, गायरानातलं गवत, ओढा, नांगरलेलं रान, सगळं त्या चौदा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्यात यायचं. सगळे तिला मातीची शर्यत म्हणायचे. ज्या सायकलवर निघालात तीच घेऊन परत गेटात शिरायचं, मग चालवा, ढकला नाहीतर खांद्यावर घ्या. वाटेत चाक बदललं तर चालायचं. बाकी नियम नव्हता.

या शर्यतीने ज्योतीरामचं नाव झालं. स्वतः तो कधी शर्यतीत उतरला नाही. पण कुणी कुठला टायर चढवायचा, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला पाऊस असतोही आणि नसतोही. एखाद्या वर्षी जमीन भाजलेल्या भाकरीसारखी कोरडी, तर एखाद्या वर्षी पाय काढला की चप्पल आतच. कोरडा मुरूम असेल तर ज्योतीराम दूधवाल्यांचा जाड, ठोकळ्याच्या नक्षीचा टायर काढायचा आणि अंगठा जरा आत जाईल इतकीच हवा भरायचा. हवा कडक असली की चाक मुरमावर नुसतं उडतं. दवाने भिजलेल्या गवताला रेघांचा, अर्धा झिजलेला टायर. आणि ओली काळी माती असेल तर त्याचा जीवच वेगळा व्हायचा. "ठोकळ्याचा टायर तिथं वैरी," तो सांगायचा. "फटीत माती बसती, तिच्यावर माती बसती, आन् शंभर पावलांत चाक चिमट्यात अडकून बसतं. काळीला बारीक टायर लागतो, झिजून गुळगुळीत झालेला. हवा दगडावानी. तो चिखल कापत खालच्या घट्ट थराला टेकतो आन् अंगाला माती लावून घेत न्हाई."

"मग सगळ्याला चालंल असा टायर कोणता, अण्णा?" कुणीतरी हमखास विचारायचं.

"तसला नसतो. कुठं मागं पडायचं ते आदी ठरवायचं. मग कुठं पुढं जायचं ते आपसूक ठरतं."

हे सगळं तो मनाने सांगत नसे. शर्यतीच्या आदल्या दिवशी तो पायातल्या वहाणा दुकानात काढून ठेवायचा आणि सगळी वाट अनवाणी चालून यायचा. टाचेखाली काय दबतं, बोटांच्या बेचक्यात काय वर येतं, हे बघत. शालनबाई, त्याची बायको, लोकांपुढे म्हणायची, "माझ्या पायाला कुरूप झालं तवा कदी वाकून बघितलं न्हाई. आन् दुसऱ्याच्या टायरापायी कसं अनवाणी हिंडत्यात बघा." लोक हसायचे. ज्योतीरामही मिशीत हसायचा. त्याला ती तक्रार मेडलसारखी वाटायची.

शर्यतीची वाट ओढ्यापाशी खालच्या अंगाने वळायची, हे त्याच्या पथ्यावर पडायचं. ओढ्याच्या पलीकडे त्याचं साडेतीन एकर काळं रान होतं. सहासष्ट साली ते कारखान्यांसाठी गेलं. मोजणीवाल्यांनी बांधावर दगड रोवला, त्या दिवशी ज्योतीराम घरी आला, देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढचा भंडारा त्याने मुठीत उचलला आणि म्हणाला, "त्या रानाला पुन्ना पाय लावणार न्हाई." मावळ-खेडच्या माणसाने भंडारा उचलला की ते बोलणं दगडावर कोरल्यासारखं असतं, मोडलं तर घरादारावर येतं. त्यानंतर अकरा वर्षं त्याने ते पाळलं. पलीकडच्या वाडीत कुणाच्या मयताला जायचं झालं तरी दोन मैलांचा वळसा घालून जायचा. रानावर कारखाना उभा राहिला नव्हता. नुसतंच पडून होतं, असं तो ऐकून होता. बघायला गेला नव्हता.

भीमराज त्याच्याकडे येऊ लागला तो एकाहत्तर सालापासून. त्याचे आईवडील भूम तालुक्यातून कारखान्यांच्या भिंतींना दगड वाहायला आले होते. वडील गेले. आई गोजाबाई आकुर्डीच्या वस्तीत राहून कँटीनची भांडी घासायची. वस्तीतल्या बुद्ध विहाराला भिंती नव्हत्या तेव्हा त्या भीमराजने मित्रांबरोबर रविवारी-रविवारी उभ्या केल्या होत्या. अंगाने सडपातळ, पायात वारा भरलेला. पहिलं वर्षभर शालनबाई त्याला चहा वेगळ्या कपात द्यायची. तो कप खांबाला खुंटीवर असायचा आणि भीमराज तो स्वतःच धुऊन परत अडकवायचा. एक दिवस तो फुटला. शालनबाईने नवा आणला नाही; घरातल्या कपातच चहा ओतला. 

कंपनीत भीमराज टेम्पररी होता. दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला कायम करावं लागतं, म्हणून दोनशे तीस-पस्तीस दिवसांवर त्याला ब्रेक मिळायचा. मग दोन-तीन महिने घरी, मग पुन्हा नवा नंबर, नवं कार्ड. असे सहा ब्रेक झाले होते. आणि भरतीला वयाची अट होती अठ्ठावीसची. येत्या फाल्गुनात ती ओलांडणार होती.

सत्याहत्तरच्या भाद्रपदात टाइम ऑफिसातले उद्धवराव दुकानात आले. शर्यतीचं सगळं तेच बघायचे. सायकलला तेल घालता घालता म्हणाले, "ज्योतीराम, यंदा मोठी बातमी आहे. साहेबांनी मान्य केलंय. शर्यतीत पहिला येणारा टेम्पररी असेल, तर त्याला कंपनीच्या सायकल टीममध्ये घेऊन परमनंट करणार."

भीमराज तिथंच उभा होता.  उद्धवराव गेल्यावर तो ज्योतीरामच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"अण्णा, औंदा माझं बगा."

"दर वर्षी बगतोच की."

"दर वर्षी मी पाचवा-सहावा येतो आन् हसून घरी जातो. औंदा हसता यायचं न्हाई. ह्याच्यानंतर वय न्हाई ऱ्हायलं."

ज्योतीरामने त्याच्याकडे बघितलं. मग वरच्या बांबूवरून एक बारीक टायर काढला, बोटांनी चाचपला आणि पुन्हा टांगला. "पाऊस बघू," म्हणाला. "जमीन बघू. घाई करू नगंस."

शर्यतीच्या आठवड्यात गुरुवारी-शुक्रवारी चांगलाच पाऊस झाला. आणि शुक्रवारी उद्धवरावांनी निरोप धाडला की वाट थोडी बदलली आहे. ओढ्याच्या खालच्या अंगाला नव्या कंपनीचं तारेचं कंपाउंड पडलंय, म्हणून यंदा ओढा ओलांडून सरळ वरच्या पडीक रानातून चुन्याच्या खुणा केल्या आहेत. ते पडीक रान कुणाचं, हे उद्धवरावांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी ज्योतीरामने वहाणा काढल्या. मुरमाची वाट चालला, ओलसर, पण घट्ट. गायरान चालला, गवतात पाणी साचलेलं. ओढ्यापाशी येऊन थांबला. पाणी गुडघाभर होतं. पलीकडच्या काठावर बाभळींची दाटी, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. बाजूच्या उंच दरडीवर चढलं असतं तर सगळं रान दिसलं असतं. तो चढला नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला आणि माघारी फिरला.

पहिली पाळी सुटल्यावर भीमराज आला तेव्हा सकाळी दुकानात ठेवून गेलेल्या त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांना गुळगुळीत, बारीक टायर चढलेले होते.

"मुरमावर मागं पडशील," ज्योतीराम म्हणाला. "पडू दे. गायरानातबी एखाददुसरा पुढं जाईल. जाऊ दे. ओढ्यापतोर तिसरा-चौथा ऱ्हा, बास. पुढं काळी हाय. दोन दिसांच्या पावसावर त्या काळीत ठोकळेवाले रुतून बसत्यात. तू एकटा निघशील."

भीमराजने टायर अंगठ्याने दाबला. दबला नाही. जरा घुटमळून तो म्हणाला, "अण्णा, आमच्या खात्यातला एक जण म्हणत हुता, त्या रानाकडं फौंड्रीचे डंपर जात्यात. काय तर टाकत्यात."

"टाकू दे. काळी हाय ती. गाडाभर दगड टाकला तरी दोन पावसाळ्यांत पोटात घेती. माझ्या बापानं हीर खणली तवाचा सगळा मुरूम त्याच रानात टाकला हुता. कुठं गेला सांग?"

"खरं हाय. पण मी एक डाव बघून येऊ का? सायकलीवर अर्धा तास लागंल."

ज्योतीरामच्या हातातला पाना खाली आला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "जा की. बघून ये. आन् येताना दुसऱ्या कुणाकडनं टायर घेऊन ये. मला माझं रान इच्चारून घ्यायची पाळी आली म्हणायची."

 भीमराजने मान खाली घातली. "तसं न्हाई, अण्णा. तुमी म्हणाल तसं."

तो गेल्यावर शालनबाई चुलीवरून न वळता म्हणाली, "जाऊ द्यायचं हुतं त्याला. त्यानं थोडाच भंडारा उचललाय?"

ज्योतीराम पाने गोळा करू लागला. रान हातातून गेलं तरी माहितीतून गेलेलं नाही, एवढाच काय तो त्याचा सातबारा उरला होता. तो त्याला कुणाकडून तपासून घ्यायचा नव्हता.

रविवारी सकाळी शर्यत सुटली तेव्हा ऊन कोवळं होतं. जाड ठोकळ्याच्या टायरचं एक जादा चाक बरोबर घेऊन ज्योतीराम आडवाटेने ओढ्यावर जाऊन उभा राहिला. चाक सवयीने आणलं होतं. ते लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

गायरानातून सायकली आल्या. पुढे दोघे, मग भीमराज. अगदी सांगितल्याप्रमाणे तिसरा. काठावर येताच त्याने उडी मारली, सायकल खांद्यावर घेतली आणि पाण्यातून असा धावला, की पुढचे दोघे दगडांवर पाय सावरत असतानाच तो पलीकडच्या बाभळींत शिरला. पहिला.  ज्योतीरामला राहवलं नाही. तो दरडीवर चढला आणि अकरा वर्षांनी त्याने आपलं रान बघितलं.

रान काळं नव्हतं. राखाडी होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत ओतकामातली जळकी वाळू आणि खंगर पसरलेला होता, भट्टीतून निघणारा काचेसारखा चकाकणारा लोखंडाचा मळ. त्यावर पाऊस पडून गेला होता, तरी चिखलाचा एक ठिपका नव्हता. विहीर नव्हती. बांधावरचं आंब्याचं झाड नव्हतं. ही जागा दुसऱ्याच कुणाची आहे, आपली वाट चुकली, असं त्याला क्षणभर खरोखर वाटलं.

मग भीमराजच्या पुढच्या टायरचा आवाज आला. चाळीस-पन्नास पावलांवर तो फुटला, आणि लगेच मागचाही. गुळगुळीत झिजलेलं, दगडासारखी हवा भरलेलं रबर; त्या खंगराने ते टरबुजासारखं चिरलं. भीमराज उतरला, मागे वळला आणि हात उंच केला.

"अण्णा! चाक!"

ज्योतीराम दरडीवरून घसरत खाली आला. चाक हातात होतं. पाण्यात शिरला. मधोमध पोचला आणि तिथंच त्याचे पाय थांबले. पलीकडच्या काठापासून ते रान सुरू होत होतं.

जयसिंग त्याच्या बाजूने पाणी उडवत गेला. तळवड्याचा, दूध घालणारा, स्वतःच्याच जाड टायरवर आलेला. "अण्णा, सरका की! मदीच काय आंगूळ करताय?" मग आणखी दोघे गेले. मग आणखी एक. प्रत्येक वेळी पाणी हललं आणि पुन्हा स्थिर झालं. पलीकडून भीमराजची हाक आली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. ज्योतीरामला ती ऐकू येत होती. पुढे तो पुष्कळदा सांगायचा की आपण किती वेळ उभे राहिलो ते आठवत नाही. पण आठवत होतं. चार सायकली जाईपर्यंत.

मग तो काठ चढला आणि रानात उतरला. एक वहाण ओढ्याच्या चिखलात राहिली होती. खंगर तळव्याला लागला, धारेचा. पायाखाली एक ढेकूळ, एक मूळ, काहीही ओळखीचं लागेना. तो पळत भीमराजपर्यंत पोचला तेव्हा त्याने सायकल खांद्यावर घेतलेली होती.

"बस खाली, पुढचं बदलतो," ज्योतीराम धापा टाकत म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा. दोन्ही गेल्यात." त्याने ज्योतीरामच्या पायाकडे बघितलं. "तुमी कशाला आत आलाव?"

आणि तो धावायला लागला. खांद्यावर सायकल, पुढे डांबरी रस्ता सहा किलोमीटर. गेटात शिरला तेव्हा नववा होता.

पहिला जयसिंग आला. तो आधीच परमनंट होता. त्याला मनगटी घड्याळ मिळालं. कायम करायची ती एक जागा त्या वर्षी कुणालाच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पायाला फडकं बांधून ज्योतीराम कंपनीच्या गेटवर गेला आणि उद्धवरावांना बाहेर बोलावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणापुढे हात जोडून उभा होता.

"साहेब, चूक त्याची न्हाई. टायर मी निवडला हुता. त्यो रान बघाय निघाला हुता, मीच जाऊ दिला न्हाई. एवढं वर सांगा."

उद्धवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला. "अहो, दुसरा आला असता तरी मी बोललो असतो. नववा म्हटल्यावर काय बोलू? आणि वरच्या कागदात टायर कुणाचा ते लिहीत नाहीत, ज्योतीराम. नाव, नंबर आणि वय लिहितात."

मार्गशीर्षात भीमराजला सातवा ब्रेक मिळाला. फाल्गुन आला, गेला. त्यानंतर नवं कार्ड आलं नाही.

दुकान चाललं. पंक्चरं निघत राहिली. पण शर्यतीआधी कुणी टायर विचारायला आलं तर ज्योतीराम हातातलं काम न सोडता म्हणायचा, "तूच बघून ये जमीन. मला नगं इच्चारूस." दोन-तीन वर्षांत विचारणारेही थांबले. शिवारातल्या वाटा कंपाउंडांनी एकेक करून गिळल्या आणि शर्यतही बंद पडली. घरादारावर काय येतं याची ज्योतीराम बरीच वर्षं वाट बघत राहिला. काहीच आलं नाही. भंडारा मोडल्याचं कुणाला, देवालासुद्धा, काही वाटलेलं दिसलं नाही. आणि हे त्याला जास्त लागलं.

भीमराज दुकानावरून जायचा, पण थांबायचा नाही. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो थांबला. सायकलच्या दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या पिशव्या होत्या, लोखंडाने गंजलेल्या. हनुवटीवर पांढरे केस आले होते.

"जय भीम, अण्णा. टायर पायजे. दूधवाल्याचा, जाड. मागच्याला आतून जुन्या टायरचे दोन थर घाला."

"दोन? एवढं कुठं चालवतोस?"

"त्याच रानात. मी आन् आई खंगरातलं लोखंड येचतो. भंगारवाला वजनावर घेतो."

ज्योतीरामने टायर काढला. आतून थर लावले, चाक बसवलं आणि पंपाने हवा भरली. भीमराजने पुढे होऊन अंगठ्याने दाबून बघितलं.

"कमी करा, अण्णा. कडक हवा त्या खंगरावर टिकत न्हाई."

ज्योतीरामने हवा सोडली. "एवढी?"

"आजून थोडी."

त्याने आणखी सोडली. शालनबाई चहा घेऊन आली. भीमराजने तो उभ्यानेच घेतला. दोनचा डंपर यायच्या आत त्याला पोचायचं होतं, नाहीतर दुसरे आधी वेचून नेतात. त्याने कप विसळून खांबापाशी ठेवला आणि सायकल स्टँडवरून काढली.

"भीमा," ज्योतीराम म्हणाला. चाकाचं नट आवळलेलं होतं, तरी तो पाना लावून बसला होता. "खाली... कुठं काळी लागती का रे?"

 रस्त्यावरून एक ट्रक गेला. "आमी कवाकवा कमरेइतकं खणतो, अण्णा," भीमराज म्हणाला. "न्हाई लागत."

त्याने पायडलवर पाय ठेवला आणि मऊ हवेचं ते चाक डांबरावर जडपणे दबत ओढ्याच्या दिशेने निघून गेलं.